जरा वजनाला या

उघड्या टपाची जुनी गाडी जॅकवर उचललेली असताना तिचं दार उघडायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं. मी उघडलं. कौतुकानं आत डोकावलो, मग लावायला गेलो तर लागेना. म्हणून कमरेनं रेटलं. तेवढ्यात शेजारचे काका हातात पाना घेऊन पळत आले.

"भाऊ, रेटू नका. छप्पर नाय तिला, उचलली की वाकते."

मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मध्ये पोटापाशी जरा जास्त थांबले आणि म्हणाले, "जरा वजनाला या."

शिडी धरायला बोलावणारे शेजारी तुम्हालाही असतील. मला बसायला बोलावणं येई. काका वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घरी बसवेना म्हणून ही गाडी आणली, आणि आणल्यापासून तर ते मुळीच बसले नाहीत. छप्पर नसल्यानं माणूस बसला की गाडी बाजेसारखी मध्ये दबायची आणि दारं जागची हलायची. म्हणून दारं जुळवायची ती आत माणूस बसवूनच.

दर रविवारी मी डाव्या सीटवर, काका गाडीभोवती. फट सगळीकडे सारखी आहे का बघायला दाराच्या कडेनं पाच रुपयांचं नाणं वरून खाली सरकवत. वर ते ढिलं पडायचं, खाली अडायचं. मग बिजागरी सैल करायची, पत्र्याची चकती घालायची, खांद्यानं दार उचलायचं, पुन्हा नाणं. चहा निवून जायचा. "काका, दोन मिनिटं बसा," म्हटलं की "बसतो की," म्हणत पलीकडच्या दाराला जायचे.

काकूंचं माहेर खुलताबाद. टप उघडा टाकून माहेरच्या गल्लीतून जायचं, भावजयांनी बघितलं पाहिजे, असं त्या एकदा हसत बोलून गेल्या होत्या. मग त्या आजारी पडल्या. तेव्हापासून काका मला रोज संध्याकाळी हाक मारू लागले. मी ऑफिसची बॅग ठेवायचो आणि वजनाला जायचो.

अखेर एका सकाळी नाणं कुठंही न अडता खालपर्यंत गेलं. दार एका बोटानं लागलं. काकांनी काकूंना हाताला धरून आणलं. मी उतरलो, त्या बसल्या. दार लागेना.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. दार माझ्या वजनावर बसवलं होतं. काकू त्याच्या निम्म्याही उरल्या नव्हत्या.

काकांनी पाना उचलला. "उतर जरा. अर्ध्या तासात करतो."

"आता नाय उतरत मी," काकू म्हणाल्या. "चला तुम्ही. दार मी धरते."

आणि गेले. वळणापर्यंत मला दिसत होतं. काकूंचा एक हात दारावर, दुसरा डोक्यावरच्या पदरावर.

दिवाळीच्या आधीच काकू गेल्या. काकांची हाक बंद झाली. संध्याकाळी मला घरात बसवेना. उगीच गेटपर्यंत जायचो, परत यायचो.

परवा काकांच्या गाडीच्या शेडचं शटर अर्धं वर होतं. काका डाव्या सीटवर बसले होते. हातात पाना नव्हता. आतून दार धरून ठेवलं होतं. त्यांना असं स्वस्थ बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आत जावं की न जावं कळेना. शेवटी घरी आलो आणि बायकोला सांगितलं.

तिनं चहा टाकला. दोन कप माझ्या हातात दिले.

"जा, शेजारी बसा," ती म्हणाली. "वजनाला नको. नुसतं बसा."