उलटा धरलेला टंबलर

दवाखान्यातून फोन आला तेव्हा तुळजाअक्काची कॉफी ओट्यावर घट्ट व्हायला ठेवली होती. “आता काही आणू नका,” नर्स तमिळमधून हळूच म्हणाली. मी मूर्खासारखं विचारलं, “कॉफीसुद्धा नको?”...

अक्का माझी आत्येबहीण. इथंच, तंजावुरात, कॉलेजात तिने जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. तिचा ध्यास एकच : पाण्यात विरघळलेले दोन निराळे पॉलिमर, म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, एकमेकांना कसे धरतात. स्वयंपाकघरातही दोन डिंकांच्या पुडीचे डबे तिने फळीच्या दोन टोकांना ठेवलेले. “एकेकटा पाण्यात नुसता दाट होतो, व्यंकू. दोघे गरम पाण्यात भेटले, की निवता निवता धरून बसतात. परत तापवल्याशिवाय सोडत नाहीत.” मी मान डोलवायचो. मला त्यातलं गरम पाणी तेवढं कळायचं.

पक्षाघातानंतर तिला पातळ काही गिळता येईना; घोट छातीत जाई. एक डिंक घालून सगळं दाट करून द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं; तो तिच्या एका डब्यात होताच. ती बुळबुळीत कॉफी अक्का तोंडात घेईना. फिल्टर कॉफीवाचून जिची सकाळ झाली नाही, ती भिंतीकडे तोंड करून पडायची. अन्नही सुटत चाललं... मग एकदा मी शहाण्याने दुसऱ्या डब्यातली पूडही ढकलली. दोन औषधं, दुप्पट गुण! आंघोळ करून येतो तो टंबलरात, तिच्या स्टीलच्या पेल्यात, कॉफीची वडी. उलटा केला, तरी थेंब पडेना.

अक्का बघत होती. तोंड अर्धंच हलायचं. “अय्यो... इतक्या पोरांना शिकवलं... आणि जमलं कुणाला, तर तुला?” मग दम घेऊन, “बघतोस काय, मठ्ठ... चमचा आण.”

तुकडा जिभेवर ठेवला. घसरला. खोकला आला नाही. डोळे मिटून ती कितीतरी वेळ ती चव धरून बसली.

डॉक्टर आधी माझ्यावर ओरडले, मग तिचं गिळणं तपासून म्हणाले, “द्या, पण त्यांना उठवून बसवून.” थोडेच दिवस दिली. न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि मग मी रोज करून नेलेली कॉफी रोज तशीच परत आणू लागलो.

त्या फोननंतर अक्काचं सगळं आटोपून घरी आलो. ओट्यावरचा टंबलर मोरीवर उलटा धरला. पडेना. ठोकला. पडेना. पाणी तापत ठेवलं... आणि उकळायच्या आत गॅस बंद केला. पुढे वडीला बुरशी आली तेव्हा टाकली.

डबे अजून फळीच्या दोन टोकांना आहेत. पुसायला काढतो तेही एकेकच.