न लावलेली केबल

हे लिहायला बसण्यापूर्वी मी तीन वेळा पेन्सिलीला टोक काढले. एकतीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवलेल्या माणसाला एका वाक्यासाठी एवढा वेळ लागावा? — पण ही गोष्ट मी पत्नीला सांगितलेली नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांच्याबरोबर रोज सकाळी अवसरीच्या रस्त्याने फिरतो त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही. बहुधा म्हणूनच शब्द पुढे सरकत आहेत.

आधी माझ्या थोरल्या बहिणीविषयी सांगायला हवे. आक्का बोरी बुद्रुकला असते. तिची द्राक्षाची बाग आहे. शाळा चौथीपर्यंत, लिहायचे म्हटले की तिची बोटे अवघडतात. म्हणून ती नोंदी बोलून ठेवते — फोनमध्ये. रोज बागेत फेरी मारता मारता, कोणाशी तरी गप्पा माराव्यात तशी: "आज छाटणीपास्नं बाविसावा दिवस. नदीकडच्या चार वळींत धा वाजंपर्यंत दव व्हतं. पानाखाली पांढरं काय न्हाई." प्रत्येक नोंदीला नाव एकच — छाटणीनंतरचा कितवा दिवस. पुढच्या वर्षी तोच दिवस उजाडला की ती बांधावर बसे, मागल्या सगळ्या वर्षांचा तो दिवस एकापाठोपाठ ऐके, आणि मगच फवारणी करायची की थांबायचे ते ठरवी.

निरीक्षण, नोंद, तुलना, निष्कर्ष. हे चार शब्द मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत आलो. आक्काला ते कोणी शिकवले होते? कोणीही नाही. तिच्याकडे अशी सात वर्षे साठली होती.

आता फोन. त्या फोनमध्ये कंपनीने भरून दिलेल्या निरुपयोगी गोष्टींनीच जागा अडली होती. नारायणगावात स्टँडजवळ रेखाचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. तिने तो 'रूट' करून दिला. रूट करणे म्हणजे काय? घर तुमचे, पण काही खोल्यांच्या किल्ल्या बांधणाऱ्यानेच ठेवून घेतलेल्या असतात. त्या किल्ल्या मिळवणे. रेखाने काम नीट केले. पुढची दोन वर्षे फोन उत्तम चालला. मग तो अडखळू लागला, आपोआप बंद पडू लागला. सगळे पुसून यंत्रणा नव्याने घालणे आवश्यक झाले. आक्का म्हणाली, "नाना, तू मास्तर हाईस. तूच कर. दुसऱ्याच्या हातात मी देणार न्हाई."

रेखा ही माझी विद्यार्थिनी. दहावीला माझ्याच विषयात दोनदा अडली. तिच्या सराव परीक्षेच्या एका उत्तरपत्रिकेवर मी लाल शाईने काढलेला अठराचा आकडा मला आजही दिसतो — आणि तो दिसतो हीच या गोष्टीतली अडचण आहे.

पुसण्यापूर्वी प्रत कशी घ्यावी, हे विचारायला मी तिच्याकडे गेलो. खरे तर विचारायला नव्हे. मला किती कळते ते दाखवायला गेलो. चार संध्याकाळी वाचन करून मी वहीत टिपणे काढली होती. अशा फोनची प्रत घेण्याचे मार्ग तीन. फोन सुरू होण्याआधीच्या एका वेगळ्या पडद्यावरून संपूर्ण यंत्रणेची एकत्र प्रत घेता येते. एकेक ॲप त्याच्या आतल्या नोंदींसह वेगळे काढता येते. आणि तिसरा मार्ग म्हणजे संगणकाला केबल लावून फोल्डर उचलायचे, त्याला रूट वगैरे काहीच लागत नाही. पहिला मार्ग मला भव्य वाटला. 'संपूर्ण' हा शब्दच तसा आहे. तिसरा अगदीच बालवाडीतला.

रेखा हातातल्या फोनवरून मान वर न करता म्हणाली, "सर, मोठी कॉपी घ्या, पण तिच्यात आवाजाचं फोल्डर येत न्हाई. त्ये आधी केबलनं काढा. अन् काढल्यावर एक-दोन वाजवून बघा."

मी मान डोलावली. विद्यार्थ्याचे उत्तर चालू असताना शिक्षकाचे लक्ष पुढच्या प्रश्नाकडे गेलेले असते, तेव्हा तो डोलावतो तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काच्या पडवीत मी फोनमधल्या मेमरी कार्डावर संपूर्ण प्रत घेतली. पडद्यावर 'डेटा' या शब्दापुढे कंसात इंग्रजीत लिहिले होते — साठवण वगळून. मी ते वाचले. ते मेमरी कार्डाविषयी असेल, असे स्वतःच ठरवले. मग पुसण्याची आज्ञा दिली. खात्री करण्यासाठी फोनने मला 'होय' हा शब्द एकेक अक्षराने टाइप करायला लावला. मी केला. यंत्रणा नव्याने घातली, प्रत परत चढवली. सगळ्या नोंदी जागच्या जागी दिसल्या — दिवस एक, दिवस दोन, सातही वर्षांच्या. "झाले," मी म्हणालो.

आक्का हात पुसत आली. तिने एका नोंदीवर बोट ठेवले. काही वाजले नाही. तिने आवाज वाढवला. फोन कानाला लावला.

"आवाज बारीक झालाय का रं, नाना?"

यादी ॲपच्या आत होती, म्हणून परत आली. आवाज ॲपबाहेर, फोनच्या स्वतःच्या साठवणीत होता. तो मी माझ्या हाताने, 'होय' लिहून, पुसला होता. हे मला त्याच क्षणी कळले. अर्धे मिनिटसुद्धा लागले नाही. आणि मी म्हणालो, "दुकानात रूट करताना मेमरी खराब झाली असणार."

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही — मी अजून तिच्याभोवती फिरतो आहे. चूक वेगळी आणि खोटे वेगळे, हे मी मुलांना सांगत असे. आणि खोट्याचेही दोन प्रकार असतात: तोंडातून निसटलेले, आणि रचलेले.

दुसऱ्या दिवशी रेखा दुकान बंद ठेवून स्कूटरवरून आली. आपली उपकरणे घेऊन पडवीत बसली. तासभर तिने फोन तपासला. आक्का तिच्यासमोर उभी होती, मी खुर्चीवर. मग रेखाने विचारले. सुरात आरोप नव्हता. आजारी माणसाला आधी कोणते औषध दिले ते डॉक्टर विचारतात, तसे.

"सर, केबलनं काढलं व्हतं ना आवाजाचं?"

किती सोपा प्रश्न! 'नाही' या दोन अक्षरांत सगळे सरळ झाले असते. मी म्हणालो, "काढले होते. तपासलेही. त्या प्रतीतल्या फायलीसुद्धा रिकाम्याच निघाल्या. म्हणजे बिघाड त्याआधीचा."

केबल मी लावलीच नव्हती. ती माझ्या पिशवीत तशीच गुंडाळलेली होती.

त्या 'म्हणजे'कडे पाहा. भूमितीच्या सिद्धतेत शेवटी येतो तसा तो आला — पक्ष, साध्य, म्हणजे. मी तिला दोष दिला नाही. तिलाच तो सिद्ध करायला लावला. ती प्रत दाखवा, असे ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. का? सर सांगत होते म्हणून. एकतीस वर्षांत कमावलेला विश्वास मी तिथे खर्च केला, तोही जिला नापास केले होते तिच्यावर.

तिने फोनचे मागचे झाकण परत बसवले. मग म्हणाली, "मंग माझ्याच हातनं ग्येलं, आक्का."

आक्का तिला रागावली नाही. उलट म्हणाली, "जाऊ दे गं पोरी. फोनचं तोंड ग्येलं, माझं हाय ना? परत बोलंन." आणि हसली. त्या हसण्याला किती बळ लागले असेल, ते मी मोजू शकत नाही.

त्या ऑक्टोबरात छाटणीनंतरचा बाविसावा दिवस आला तेव्हा मी तिथेच होतो. ती बांधावर बसली. ऐकायला काही नव्हते. मग उठली, एकेका ओळीतून चालली, आणि आठवेल तेवढे नव्या नोंदीत बोलत गेली — अमक्या वर्षी इथं दव, तमक्या वर्षी ढग. त्या हंगामात नदीकडच्या ओळींवर डाउनी पडला. पानांखाली पांढरी बुरशी धरली, घड गेले. आवाज असते तर वाचले असते का? एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हा माझाच नियम. पण त्या नियमाआड मी लपत नाही. आक्का म्हणते, ती वाट बघत राहिली आणि फवारणीला दोन दिवस चुकली. आधीच्या सात वर्षांत ती चुकली नव्हती.

आता तिच्याकडे पुन्हा चार वर्षांच्या नोंदी आहेत. दर आठवड्याला रेखा त्यांची प्रत काढते, स्वतः जाऊन.

रेखाचे दुकान आता मोठे आहे. ओतूर-मंचरहून लोक येतात. तिचा एक रिवाज आहे: कोणताही फोन उघडण्यापूर्वी ती केबल लावते, प्रत काढते, आणि त्या प्रतीतले काहीतरी गिऱ्हाइकालाच वाजवून बघायला लावते. घाई करणाऱ्यालाही सोडत नाही. इतकी शिस्त मी कोणत्या प्रयोगशाळेत पाहिली? माझ्या तर नाहीच.

गेल्या महिन्यात मी तिथे बाकावर बसलो होतो. एक टोमॅटोचा व्यापारी कावला होता — "ताई, येवढं काय त्यात! दोन मिनटाचं काम, अन् तुमचं सोवळं अर्ध्या तासाचं."

रेखा शांतपणे म्हणाली, "भाऊ, माझ्या हातनं एका बाईचं सात वर्षांचं बोलणं ग्येलंय. तवापास्नं मी अशीच करती."

प्रत्येकाला ती हे सांगते. तिने न केलेली चूक ती भर बाजारात, रोज, स्वतःच्या तोंडाने कबूल करते — न अडखळता. मला मात्र इथवर यायला एवढे परिच्छेद लागले.

मग तिने माझ्याकडे हात केला. "ह्ये माझे सर. त्यांच्याच बहिणीचं व्हतं. पण चारचौघांत कधी मला बोलले न्हाईत. लई सांभाळून घेतलं."

व्यापाऱ्याने मला नमस्कार केला. मी तो घेतला.