ताईंचा व्हॉइस मेसेज मी फॉरवर्ड केला

मित्रांनो, दुपारपासून स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून इथे लिहितोय.

गुंतवणूक म्हणून पहिल्यांदाच फ्लॅट घ्यायचं चाललंय, माजिवड्याला. डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर स्मिताताई राहतात, ठाण्याच्या कोर्टात वकील आहेत. त्यांना जिन्यातच गाठलं. "ताई, कागद जरा बघता का?" फीचा विषयच काढला नाही. शेजारी ना आपल्या!

काल त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "जमीनमालकाच्या बहिणींनी हक्क सोडल्याचा कागद यात नाहीये. तो मिळाल्याशिवाय टोकन देऊ नकोस. आणि हे फक्त तुझ्यासाठी हं, कुणाला पाठवू नकोस."

आज सकाळी भाव पाडायला मी तोच मेसेज ताईंच्या नावासकट एजंटला फॉरवर्ड केला. वाटलं, काय स्मार्ट आहे मी! एजंटने तो बिल्डरला पाठवला. दुपारी बिल्डरच्या माणसाने थेट ताईंना फोन करून नको नको ते सुनावलं. एजंटनेच मला हे हसत हसत सांगितलं.

संध्याकाळी पेढे घेऊन वर गेलो. "ताई, चुकलं माझं."

त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे मंदार, फी दिली असतीस तर माझा सल्ला असा वाटत फिरला असतास?"

तुमच्याही बिल्डिंगमध्ये एखादा वकील, डॉक्टर, सीए असेलच. त्यांना जिन्यात गाठून तुम्ही काय काय विचारता?

मी तर माफी मागायलाही पेढेच घेऊन गेलो. फी किती झाली, हे तेव्हाही विचारलं नाही.