घाबरल्यावर कोण काय करतं

इलीन सादरने उभं आयुष्य ग्लेन्डाइव्ह गावातल्या गुरांच्या बाजारात फाटक उघडण्या-मिटण्यात घालवलं. लिलावाच्या दिवशी अरुंद बोळातून गुरं एकामागून एक येत आणि ती फाटकाला हात लावून उभी असे. कुठलं जनावर कुठल्या कुंपणात जाणार हे ठरवायला तिला एक श्वास पुरायचा. रंगाकडे ती बघायचीच नाही. कान कुठे आहेत, मान कशी धरली आहे आणि समोर माणूस दिसल्यावर पाय कुठल्या बाजूला सरकतो, एवढंच बघायची. मग ओरडायची, "आत!" किंवा "जाऊ दे!"

तिचा नवरा गॉर्डन दुसऱ्याच जनावरांचा धनी होता. रविवारी चर्च सुटलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो खेळ मांडायचा. कागद, पेन्सिली, फासे, आणि त्याच्या तोंडून उलगडत जाणारं एक जग. त्यात माणसं भाले आणि मंत्र घेऊन डायनॉसॉरांच्या रानातून हिंडत. खेळणाऱ्याने आपला एक गडी घ्यायचा, तो काय करतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. गावामागच्या ओसाड टेकड्यांतून त्या जनावरांची हाडं अजून निघतात, त्यामुळे इथं कुणी त्यांच्याविषयी परक्यासारखं बोलत नाही. खेळायला दोघं यायची. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा व्हर्न टोलेफसन आणि औषधांच्या दुकानातली रमोना. दोघं तरुणपणापासून येत होती.

मागच्या हिवाळ्यात गॉर्डनला झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. शब्द आत कुठेतरी असावेत, गोठलेल्या नदीखालच्या पाण्यासारखे. खेळ चालवायचं काम इलीनने उचललं, कारण ती दोघं आली की गॉर्डन ताठ बसायचा, दाढी करून घ्यायचा, क्वचित हसायचाही. बाकीचे दिवस तो खिडकीपाशी बसून असे, आणि संध्याकाळपर्यंत खिडकीत आणि त्याच्यात फारसा फरक उरत नसे.

पण खेळ काही जमेना.

"खरं सांगू का, इलीन?" एका रविवारी निघताना व्हर्न म्हणाला. "रटाळ झालंय. पाला खाणारं जनावर दिसलं की मारायचं, मांस भरून घ्यायचं, पुढं चालायचं. पुढच्या रविवारीही असंच असेल, तर मी आपला नदीवर गळ टाकून बसेन. राग मानू नकोस."

"राग कशाला मानू," इलीन म्हणाली आणि भांडी जरा जोरात विसळू लागली.

त्या आठवड्यात तिने गॉर्डनची खेळासाठीची डायनॉसॉरांची चित्रं बाहेर काढली. पाला खाणाऱ्यांचे गट त्याने अंगावरून पाडले होते. शिंगाळे, चिलखती, लांबमाने, बदकतोंडे. तिने चित्रं टेबलावर पसरली आणि फाटकावर उभी असल्यासारखी बघत राहिली. अंगावरून जनावर कळतं का? शिंगं असून पळून जाणारे बैल तिने पाहिले होते. भीती आत शिरते तेव्हा जनावर काय करतं, ते खरं.

मग ती वाटणी करू लागली. पळणारे. जागीच रुतून उभे राहणारे. पिलांभोवती कडं करणारे. आणि शेवटी ते अवाढव्य, ज्यांच्या अंगात भीती पोचेपर्यंत प्रसंग सरून जातो. चिलखती रुतणाऱ्यांत गेले. लांबमाने शेवटच्यांत. शिंगाळ्यांचे तिने दोन भाग केले, एकटे म्हातारे वेगळे, लेकुरवाळ्या माद्या वेगळ्या. गॉर्डनने डाव्या हाताच्या बोटाने बदकतोंडे पळणाऱ्यांकडे ढकलले.

"पिलं नसतील तेव्हा," इलीन म्हणाली. "पिलू असलं की नाही." तिने चित्र कडं करणाऱ्यांकडे सरकवलं. "आत!"

गॉर्डनच्या ओठाचं एक टोक हललं.

रविवारी तिने मिरचीचा राजमा आणि दालचिनीचे गोड पाव केले होते. जेवणं झाली, कागद निघाले. व्हर्नचा गडी म्हणजे एकाक्ष ब्रॅन, हा खेळ सुरू झाला तेव्हापासूनचा. त्याचा कागद इतक्यांदा खोडला होता की पलीकडचा उजेड दिसायचा.

"नदीकाठी नेचे वाढलेत," इलीनने सुरुवात केली. "बदकतोंड्यांचा कळप चरतोय. कडेची एक मादी चरायची थांबली आहे. नेच्यांत एक पिलू बसलंय."

"शिंग नाही, दात नाही!" व्हर्नने हात चोळले. "पळायच्या आत पिलू उचलतो. दोघांच्या मधून जातो."

"व्हर्न, तू गाईंत वाढलास ना?" रमोना म्हणाली. "गाय आणि वासराच्या मधून गेला असतास?"

"ती गाय. हे खेळातलं बदक आहे, बाई."

"नक्की?" इलीनने विचारलं.

"नक्की."

"ती पळत नाही," इलीन हळू म्हणाली. "बाकीच्याही पळत नाहीत. सगळ्या पिलाकडे वळतात. कडं बंद होतं, आणि ब्रॅन कड्याच्या आत आहे."

व्हर्न खुर्चीत पुढे सरकला. कित्येक महिन्यांत तो असा सरकला नव्हता.

"वीस बाजूंच्या फाशावर आठच्या वर पडलं तर निसटलास. गॉर्डन, तू टाक."

पूर्वी गॉर्डन पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकायचा. एका हाताने आडोसा आणि फासा दोन्ही सांभाळेनात, म्हणून त्याने तो उघड्यावरच टाकला. फासा घरंगळला, थांबला. तीन.

 गॉर्डनचं बोट हळूच फाशाकडे गेलं आणि तो उलटवू लागलं, जणू हाताची जुनी सवय. इलीनने त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे."

व्हर्न त्या दोन हातांकडे बघत राहिला. "म्हणजे... आधीसुद्धा?"

गॉर्डन छताकडे बघू लागला.

"तो पूल!" रमोना किंचाळली. "आणि तो विषाचा पेला! मला तेव्हाच वाटलं होतं!"

"म्हाताऱ्या, किती वेळा वाचवलंस मला?"

गॉर्डनने डावा पंजा उघडला, मिटला, उघडला, मिटला, आणि थांबेचना. रमोना हसता हसता पावावर पडली. व्हर्न उठला आणि दार लावून बाहेर गेला.

खिडकीतून तो दिसत होता, आपल्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभा. इलीनला वाटलं, हाक मारावी, म्हणावं, ये, ब्रॅन मेला नाही, जखमी झालाय फक्त. गॉर्डनने इतकी वर्षं हा माणूस तळव्यावर झेलला होता. आपण पहिल्याच खेपेला हात काढून घेतला. पण ती मादी तिने पाहिली होती, तिचे मागे वळलेले कान पाहिले होते. ती खोटी ठरवली तर पुन्हा सगळं नुसतं मांस. इलीन जागची हलली नाही. गॉर्डन दाराकडे बघत होता.

दार उघडलं. व्हर्नबरोबर गार वारा आत आला.

"ब्रॅनला पुरायचं कुणी?"

"पुरायला उरलंय काय?" रमोना म्हणाली.

"तू गप गं." तो बसला. "इलीन, कोरा कागद दे. या खेपेला गुराखी करतो. हे बदकतोंडे पाळता येतात का?"

"भाल्याऐवजी आधी तोंड चालवलं असतंस तर सांगितलं असतं."

"आता चालवतोय ना?"

"मग पिलाच्या बाजूने येऊ नकोस. तुझा वास त्यांना लागेल असा लांब बस. आणि बसून राहा."

"किती वेळ?"

"ते त्या ठरवतील."

गॉर्डनने पेन्सिल त्याच्याकडे सरकवली. टोक मोडलं होतं. व्हर्नने खिशातला चाकू काढला आणि टोक करायला घेतलं, सावकाश, पुढचे कितीतरी रविवार इथंच बसायचं असल्यासारखं.