न टोचलेला कान

सरोजा अक्कांचं नाव आधी घेते. पुढे जे सांगणार आहे त्यात मी धीट वाटेन, आणि मी तशी नाही. दुकानाच्या सेठनी नुसतं "मंगला" म्हणून हाक मारली तरी माझ्या हातातलं खाली पडतं. त्या दिवशीचा धीटपणा अक्कांचा होता. मी तो वापरला, एवढंच.

अक्का इथे हैदराबादेत, नल्लकुंट्यात राहतात. नोकरीभर त्या कातडीच्या रोगांच्या वॉर्डात नर्स होत्या. रिटायर झाल्यावर नारायणगुड्यातल्या आमच्या दागिन्यांच्या दुकानात त्यांनी कान टोचण्याचं काउंटर चालवलं. गुडघे गेले तेव्हा ते काउंटर माझ्याकडे आलं. मी नववीतून शाळा सोडलेली. काका इथे गलाई करायचे, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचे. त्यांच्याकडे भाकऱ्या थापायला म्हणून आटपाडीकडून मला आणलं होतं. काका दुकान मोडून गावी परतले. मी राहिले, कारण अक्कांनी मला त्यांची मागची खोली दिली आणि हातात सुई दिली.

अक्कांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. लग्नातल्या जड झुमक्यांनी भोक ओघळत ओघळत खाली आलं आणि एक दिवस पाळीचे दोन तुकडे झाले. हैदराबादेतल्या हजारो मुलींचे कान टोचलेली बाई स्वतः एका कानात काहीच घालत नाही. त्याबद्दल विचारलेलं त्यांना आवडत नाही.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट सुई धरायची नव्हती. "सामने से सब के कान अच्छे दिखते," त्या म्हणायच्या. "पहले पिच्छे देख."

तर त्या रविवारी मी मागून बघितलं.

आमच्या सेठनी हल्ली कर्णवेधाचं पॅकेज काढलंय. बाळाच्या नावाचा बॅनर, फुगे, फोटोग्राफर, शेवटी मोबाइलवर रील. मधोमध लाल मखमलीची खुर्ची. बाळाचा मामा तिच्यावर बसतो, बाळ त्याच्या मांडीवर. मामाची मांडी तेलुगु घरांतही लागते आणि आपल्यातही, त्यामुळे ती खुर्ची कधी रिकामी नसते. मुहूर्ताच्या दिवशी तर बाहेर रांग लागते.

त्या दिवशी पॅकेज पुण्याच्या एका कुटुंबाचं होतं. मुलगी, केतकीताई, इथे आयटीत. सात महिन्यांची ईरा. आजी पुण्याहून आलेल्या आणि मामा परदेशातून. मामांचं परतीचं विमान त्याच संध्याकाळी होतं. मुहूर्त अकरा वीसचा.

माझं बोलणं ऐकून आजींना फार बरं वाटलं. "अगं, मराठी का तू? मग काळजीच मिटली. हलक्या हाताने टोच हो."

मलाही बरं वाटलं. दिवसभर तेलुगु आणि दख्खनी बोलणाऱ्या माणसाला 'हो' लावलेलं वाक्य ऐकलं की घरी आल्यासारखं होतं. मी चांगला ट्रे काढला. हात धुतले, ग्लव्ह्ज घातले आणि सलाइनच्या कापसाने ईराचा कान पुसायला घेतला. पुढून कान एखाद्या शिंपल्यासारखा स्वच्छ. मग मागून.

कापसावर पांढरा लगदा आला. पावडर होती. भरपूर. ती निघाली तशी खाली पाळी जिथे गालाला चिकटते तिथे ओली चीर दिसली. चिरेच्या कडेला मधाच्या रंगाची खपली.

हे थोडं समजावून सांगते. बाळ आडवं असलं की तोंडातलं दूध आणि लाळ ओघळून कानामागे जाते. तिथे घडी असते, हवा लागत नाही. कातडी ओली राहून फाटते. हे खूप बाळांना होतं आणि नीट कोरडं ठेवलं की भरूनही येतं. पण खपली पिवळी झाली, म्हणजे तिथे जंतू बसलेत. त्याच्या बोटभर अंतरावर सुई घातली तर जंतूंना दार उघडून दिल्यासारखं आहे. एरवी साधी असणारी जखम मग साधी राहत नाही. आणि सात महिन्यांचं बाळ सांगू शकत नाही की ठणकतंय.

"हे कधीपासून आहे?" मी विचारलं.

केतकीताई वाकल्या. "काय आहे? आई, तू तर म्हणालीस घामोळं आहे."

"घामोळंच आहे," आजी म्हणाल्या. "मी पावडर लावते ना रोज. तू टोच गं. अकरा पंधरा झाले."

मी म्हटलं, "सुई विसरले, आणते." सुई ट्रेमध्येच होती. मी मागे वॉशरूममध्ये गेले आणि अक्कांना फोन लावला. नोकरी गेली तर अक्कांची खोली आपली राहील, पण तिथे कोणत्या तोंडाने राहायचं? आटपाडीची बस पकडायची आणि सगळ्यांना सांगायचं की जमलं नाही. हे सगळं तेवढ्या वेळात डोक्यात आलं.

अक्कांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "तू देखी?"

"हौ अक्का."

"तेरे आँखां से देखी?"

"हौ."

"फिर मेरेकु काइकु पूछ रही?" आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले. म्हटलं, "आजी, आज मी टोचणार नाही. आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणाले की मग या, मीच टोचीन."

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. आजींनी मामांकडे बोट दाखवलं. "अगं, हा सात समुद्र ओलांडून आलाय एवढ्यासाठी. संध्याकाळी निघणार. तुला कळतंय का?"

"कळतंय."

"मुहूर्त टळला तर?"

"मुहूर्त परत मिळेल. कानाला काही झालं तर तो मी परत देऊ शकणार नाही."

एवढ्यात सेठ आले. बाहेर पाच कुटुंबं थांबली होती. "क्या हुआ? लेट काइकु?"

मी खपली दाखवली. त्यांनी बघितल्यासारखं केलं. "इत्ता सा तो है. कुछ नहीं होता. कर."

"नक्को सेठ."

आठ वर्षांत मी त्यांना कधी नक्को म्हटलं नव्हतं. ते लाल झाले. गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "नौवीं भी पास नहीं, और डॉक्टर बन रही. प्रवीण! गन ले के आ."

आता गन म्हणजे काय ते सांगते. तिच्यात स्प्रिंग असते. ती कानातल्याची बोथट काडी जोरात दाबून कानातून पार करते. पोकळ सुई छेद घेते, गन कातडी चेचते. शिवाय गनचं प्लास्टिक उकळून निर्जंतुक करता येत नाही. प्रवीण माझ्या शेजारच्या काउंटरवर बसतो आणि कॉलेजच्या मुलींच्या पाळ्या गनने टोचतो. भला माणूस. तीन मुलींचा बाप.

तो आला तेव्हा मी खुर्ची आणि त्याच्यामध्ये उभी होते. म्हटलं, "प्रवीण, पहले पिच्छे देख."

त्याने गन काखेत धरली, वाकला, ईराच्या कानाची पाळी हळूच पुढे केली. चांगला वेळ बघत होता. मग सरळ झाला. "सेठ, मेरे से नहीं होता," म्हणाला आणि परत गेला.

मग मीही सेठकडे वळून बोलले. "नौवीं पास नहीं, सही बात. मगर ये देखने के वास्ते दसवीं नहीं लगती."

मामांनी ईराला उचलून खांद्यावर घेतलं. केतकीताई पावडरीने माखलेल्या त्या कापसाकडे बघत होत्या. जाताना आजी दारात थांबल्या. "आपली म्हणून विश्वासाने आलो होतो," म्हणाल्या. सेठचं बोलणं मी विसरले असते. हे वाक्य मात्र माझ्याबरोबर घरी आलं.

संध्याकाळी दुकानाच्या पेजवर एक स्टार पडला. खाली लिहिलं होतं, अशिक्षित स्टाफ. प्रवीणने वाचून दाखवलं, मला इंग्लिश पटकन लागत नाही. दुसऱ्या दिवशी सेठनी मला काउंटरवरून उठवलं. मागच्या खोलीत बसून डब्यांना स्टिकर लावायचे. माझ्या जागी दुसरी बाई मिळेपर्यंत प्रवीणनेच सगळं बघायचं असं ठरलं.

घरी मी अक्कांना सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या, चिरत राहिल्या. "अच्छा," म्हणाल्या, बस. मला वाटलं, यांनाही माझं चुकलं वाटतंय. दोन रात्री नीट झोप नाही.

तिसऱ्या दिवशी साडेदहाला दुकानात गडबड ऐकू आली म्हणून डोकावले. अक्का रिक्षाने आल्या होत्या. सात पायऱ्या, तसले गुडघे. त्या चढून आल्या आणि थेट लाल मखमलीच्या खुर्चीवर बसल्या. मागे कुठल्या तरी श्रीयांशचा बॅनर, फुगे, आणि मध्ये अक्का, मांडीवर भाजीची पिशवी.

सेठ धावले. "अम्मा, ये मेनमामा की कुर्सी है. अभी पार्टी आ रही."

"मैं भी पार्टी हूँ. कान दिखाने आई."

"प्रवीण देखेगा."

"प्रवीण नक्को. मंगला किधर है?"

"अम्मा, उसने गिराक को वापस भेज दिया. मालूम है?"

"मालूम है. मैंने सिखाया." अक्का जरा मागे रेलल्या. "कुर्सी अच्छी है. नरम है. मैं बैठती. मेरेकु शाम तक कुछ काम नहीं."

श्रीयांशची पार्टी आली. त्याची आजी अक्कांना ओळखत होती. तिच्या दोन्ही मुलींचे कान अक्कांनी टोचले होते. ती पाया पडायला वाकली आणि विचारलं, "अम्मा, आज तुम्ही टोचणार?" अक्का म्हणाल्या, मी नाही, माझी मुलगी टोचेल, आतून बोलवा तिला. हे सगळं तेलुगुत झालं. सेठनी मला हाक मारली. या वेळी हातातलं खाली पडलं नाही असं लिहिणार होते, पण पडलं. हात धुवायला गेले.

केतकीताई आल्या त्या पाच आठवड्यांनी, एका साध्या मंगळवारी. पॅकेज नाही, फुगे नाहीत. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, पावडर बंद केली होती, कातडी भरून आली होती. बरोबर आजी. मामा मोबाइलच्या पडद्यावर, तिकडे नुकते उठलेले. खुर्चीत आजी बसल्या आणि ईराला मांडीवर घेतलं. मी कापूस घेतला तेव्हा त्यांनीच ईराची पाळी बोटाने पुढे केली.

"आधी मागून बघ," म्हणाल्या.

बघितलं. कोरडं. मग पेनाने दोन्ही पाळ्यांवर ठिपके दिले, केतकीताईंना समोरून बघायला लावले, कारण बाळाचे कान वाढतात आणि ठिपका वर-खाली पडला तर जन्मभर दिसतो. मग टोचलं. ईरा रडली, मग माझ्या ग्लव्ह्जकडे बघून थांबली.

"आता तेल-हळद लावून रोज फिरवायचं ना?" आजींनी विचारलं.

"नाही आजी. फिरवायचं नाही. फिरवलं की आत धरलेली कातडी परत फाटते. तेल-हळदही नको. दोन वेळा सलाइनने पुसायचं, हात धुऊन. फिरकी मी सैल ठेवलीये, ती घट्ट करू नका. सुरुवातीला पाळी सुजते, तिला जागा लागते. नाहीतर फिरकी आत रुतते."

"आमच्याकडे सगळ्यांनी फिरवलं. कुणाचं काही बिघडलं नाही."

"तुमचं नशीब चांगलं होतं."

मामा पडद्यावर हसले. आजी हसल्या नाहीत. "किती दिवस?"

"सहा ते आठ आठवडे काढायचं नाही. लाली पसरली, पू आला, ताप आला तर स्वतः काढू नका. भोक बुजतं आणि घाण आतच राहते. सरळ डॉक्टरांकडे."

"आणि तुझ्याकडे नको?"

"माझ्याकडेही या. पण डॉक्टरांकडे आधी."

त्यांनी मान हलवली. निघताना माझ्या हातात लाडवांचा डबा नव्हता, माफी नव्हती, काही नव्हतं. नुसतं म्हणाल्या, "येतो गं." तो एक स्टार अजून तिथेच आहे. मी काढायला सांगितलं नाही.

या कामातून एक गोष्ट शिकले. टोचलेल्या कानाची रील निघते, न टोचलेल्या कानाचा कुणी फोटोही काढत नाही. चांगलं काम बऱ्याचदा असंच असतं, दाखवायला काहीच नसतं.

अक्कांचं देणं मात्र माझ्यावर आहे, आणि ते मी फेडणार आहे. फाटलेली पाळी डॉक्टर शिवून देतात, सुन्न करून, थोड्याच वेळात. मी चौकशी केलीय. अक्का टाळतात. वॉर्डात हजारो इंजेक्शनं दिलेल्या या बाईला स्वतःला सुईची भीती वाटते, हे मला आत्ता आत्ता कळलं. मी त्यांना सांगून ठेवलंय: एकदा शिवून घ्या, मग काही महिने थांबू, व्रण पक्का होऊ देऊ. व्रणावर टोचायचं नसतं, त्याच्या बाजूला टोचायचं असतं, हे तुम्हीच शिकवलंत. त्या दिवशी तुम्ही लाल खुर्चीवर बसाल. मी आधी मागून बघेन. आणि तो कान, अक्का, मीच टोचेन.