चटकेमास्तरांचं बोट

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे त्या बाजारात छप्पन्न होते. पण नुसतं बोट टेकवून कार्ड किती तापलंय ते सांगणारा एकच, म्हणून लोक त्यांना चटकेमास्तर म्हणायचे. खरं नाव बिलावर छापलेलं होतं, पण ते कोण वाचतंय!

मास्तरांची पद्धत अशी. गेम खेळायचा कॉम्प्युटर उघडा करायचा, जड गेम लावून द्यायचा, आणि वीस मिनिटांनी ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवरच्या पत्र्यावर उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवायचं. तीन आकडे मोजेपर्यंत बोट टिकलं तर कार्ड ठीक. एक म्हणायच्या आत उचलावं लागलं तर आत काहीतरी बिघडलंय. कुणी शहाणा म्हणाला, "मास्तर, स्क्रीनवर दिसतंय की टेम्परेचर," की मास्तर खवळायचे. "तो आकडा मधल्या मोठ्या चिपचा! तिच्या शेजारच्या मेमरीच्या चिपा भाजून निघाल्या तरी तो आपला सत्तरवर बसून राहतो. घरातल्या एकाचा ताप बघायचा आणि सगळं घर ठणठणीत म्हणायचं, होय रे?" बोलणं फटकळ होतं, पण खोटं नव्हतं. दुसऱ्या दुकानांनी हात टेकलेली कितीतरी कार्डं या बोटाने वाचवली होती.

आणि दोन वर्षांपूर्वी ते बोट मेलं.

एकदम नाही. आधी पायांना मुंग्या आल्या, मग तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटायला लागलं. मग एका सकाळी मास्तरांनी चहाचा कप धरला, गार चहा दिला म्हणून बायकोवर ओरडायला तोंड उघडलं, घोट घेतला आणि जीभ पोळली. ओरडणं तसंच गिळून टाकलं. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "साखर आहे. नसा गेल्यात. गेलेल्या परत येत नाहीत, उरलेल्या सांभाळा. इंजेक्शन उद्यापासून सुरू करा." मास्तर "बघू" म्हणाले आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, थकवा आहे, दुसरं काही नाही.

का सांगितलं असं? थोरल्या भावामुळे. साखरेने त्याचा पाय गेला होता. ज्याच्या शब्दाबाहेर घरात कुणी जात नसे, त्याच्याशी लोक मोठ्याने, सावकाश बोलायला लागले, जसा काही पायाबरोबर कानही कापलाय. चार वर्षं तो खिडकीशी बसून होता आणि तिथेच गेला. मास्तरांना मरणाची एवढी भीती नव्हती. त्या खिडकीची होती. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मूठ झाकली राहिली, कारण दहातल्या आठ कार्डांचा रोग एकच असतो, धूळ. नवव्याचा पंखा अडकलेला असतो. त्याला बोट कशाला लागतंय? पण मास्तर बोट टेकवायचे, तोंड वाकडं करायचे, हात झटकून "हाऽय, भाजलं!" म्हणायचे. गिऱ्हाईक खूश. स्टुलावर बसून स्क्रू काढणारी, धूळ उडवणारी बायकोही फसायची. निदान मास्तरांना तसं वाटायचं.

दहावं कार्ड लायब्ररीवाल्या बाईंनी आणलं.

बाई पन्नाशीच्या. आवाज जन्मभर "शांतता राखा" म्हणून खालच्या पट्टीतच बसलेला. आणि खेळायच्या काय, तर रणगाड्यांची लढाई! धाकटी बहीण दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळून होती, फक्त हात चालायचे. रोज संध्याकाळी दोघी आपापल्या घरून एकाच रणगाड्यात बसायच्या. एक चालवायची, दुसरी तोफ डागायची.

"वीस-पंचवीस मिनिटं झाली की माझी स्क्रीन काळी होते हो," बाई म्हणाल्या. "मी मधूनच गायब. ती एकटी मरते आणि मग रडते."

"या वयात रणगाडे?" मास्तर हसले.

"लायब्ररीत कुणावर तोफ डागता येत नाही ना," बाई शांतपणे म्हणाल्या.

कॅबिनेट उघडलं तर आत लख्ख. बाई दर रविवारी ब्रश फिरवायच्या. पंखे छान फिरत होते. स्क्रीनवर एकाहत्तर. अंदाज बांधायला काही म्हणता काही नाही, आता खरोखर बोटच लागणार होतं. मास्तरांनी ते टेकवलं. काहीच कळलं नाही. त्यांनी मनाशी म्हटलं, खरंच तापलं असतं तर थोडं तरी जाणवलं असतं, इतकं काही मेलेलं नाही ते. आणि ठणकावून सांगितलं, "कार्ड निर्दोष आहे. वीज पुरवणारा डबा बदला."

डबा बदलला. चार दिवसांनी बाई परत. मास्तरांनी पुन्हा बोट टेकवलं. "रॅम बदला." रॅम बदलली. आठवड्याने भर दुपारी बाई तिसऱ्यांदा दारात, कॉम्प्युटर हातगाडीवर घालून.

गेम लावला, वीस मिनिटं गेली, मास्तरांनी बोट ठेवलं. "हे बघा, कोमट आहे. कार्डाला धाड भरलेली नाही." खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणतात ना, तसं.

"मी बघू?" म्हणून बाईंनी त्यांच्या बोटाशेजारी आपलं बोट टेकवलं आणि "आई गं!" करून हात मागे ओढला.

मास्तर हसले. "पानं उलटणारी बोटं तुमची, नाजूक. आमची पाहा." आणि बोट तसंच ठेवलं. मुद्दाम. स्टुलावरच्या बायकोने मान वर केली. बाई त्या बोटाकडे बघत होत्या. स्क्रीनवर हिरव्या-जांभळ्या रेघा आल्या, मग सगळं काळं झालं आणि जळका वास सुटला. मास्तरांचं बोट अजून तिथेच होतं.

बायकोने येऊन त्यांचं मनगट धरून हात उचलला. बोटाचं टोक पांढरंफटक पडलं होतं, कातडी सुटली होती. "काही नाही गं, जरा चटका..." मास्तर म्हणाले. तिने ऐकलंच नाही. स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कार्ड स्वतः उघडलं. मेमरीच्या चिपांवरच्या मऊ पट्ट्या, ज्या उष्णता बाहेर नेतात, वाळून भुगा झाल्या होत्या. एक चिप काळी पडली होती. पट्ट्या बदलणं अर्ध्या तासाचं काम. पहिल्याच दिवशी केलं असतं तर कार्ड जगलं असतं.

"मास्तर," बाई त्याच खालच्या आवाजात म्हणाल्या, "तीनदा बोट लावलंत ना हो तुम्ही?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी पिशवी उचलली. "आज बहिणीला कळवायला हवं," एवढंच म्हणून त्या गेल्या.

बायकोने दुपारी दीडला शटर ओढलं. मलम लावलं, पट्टी बांधली.

"कधीपासून?"

"कधीपासून काय?"

"अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"या एका बोटाला जरा कमी कळतं," मास्तर म्हणाले. "बाकीची ठीक आहेत. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

"मग डावा हात ठेवा टेबलावर. मिटा डोळे. मी कुठलं बोट धरते ते सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले. बायको त्यांच्या ओळखीची होती, सगळं ओळीने करणारी.

"आता?"

"अंगठा."

"आता?"

"त्याच्या शेजारचं."

"आणि आता?"

"मधलं," मास्तर म्हणाले. खरं वाटावं म्हणून वर हसून म्हणाले, "अगं, हळू! केवढ्याने दाबतेस!"

पुढचं "आता?" आलं नाही, तेव्हा मास्तरांनी डोळे उघडले. ती टेबलाच्या पलीकडे, पार भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून. तिने त्यांना एकदाही हात लावला नव्हता.