उलट्या आट्यांचा हब

"सुषमा, घरी ये. हे काय बोलंनात." शाळेच्या मैदानावर मी मुलांचा कवायतीचा तास घेत होते तेव्हा आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, फोन आला. खरं सांगते, पहिल्यांदा मला काहीच वाटलं नाही. आमच्या घरात मामा, म्हणजे माझे सासरे, बोलत नाहीत ही काही बातमी नव्हती. तास संपवून निघते म्हणाले. मग आत्या नुसत्या श्वास घेत राहिल्या... आणि मला कळलं. मी पोचले तेव्हा मामा शेडमध्ये लेथसमोरच्या स्टुलावर भिंतीला टेकून बसलेले होते. चष्मा कपाळावर सरकवलेला होता, तो काहीतरी बारीक बघायचं असलं की सरकवायचे तसा.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल कुतूहल वाटावं, हे बरं लक्षण की वाईट, ठाऊक नाही. पण मला वाटतंय खरं.

मामा पाटणजवळच्या गावचे. फौजेच्या वर्कशॉपात उभी हयात मोटरसायकली दुरुस्त केल्या, मग सांगलीत घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये लेथ टाकला. हळद पॉलिश करायच्या ड्रमचे आस आणि बुशिंगं, हे त्यांचं नेहमीचं काम. मी सून म्हणून आले तेव्हा त्यांनी एक रीत पाळली, ती त्यांच्या वडिलांनीही पाळली असणार. सुनेशी थेट बोलायचं नाही. मी समोर उभी असले तरी ते आत्यांना म्हणायचे, "तिला म्हणावं, च्या गोड झालाय." मग मीही आत्यांना सांगायची, "मामांना सांगा, उद्या कमी घालते." आत्या मध्ये बसून शेंगा फोडत राहायच्या. सांगायचं काही नसायचंच, दोघांनीही ऐकलेलं असायचं. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा आणि या प्रकाराला हसायचा. मलाही आधी हसू यायचं, मग राग, मग सवय झाली.

माझा छंद सांगायला हवा. मी ट्रायल्सची सायकल चालवते. या सायकलीला सीट नसते. पाय जमिनीला न लावता एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उड्या मारायच्या आणि मागच्या चाकावर उभं राहायचं. त्या उभं राहण्यात सगळी मदार मागच्या ब्रेकवर. तो सुटला की माणूस पाठीवर. शाळेचं सामान उतरवताना टेम्पोचा फाळका माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर पडला आणि बोटांतला जोर गेला. माझा मागचा ब्रेक डाव्या हाताचा, रिमला रबर दाबणारा, त्याला पकड लागते. सायकल वर्षभर भिंतीला टेकून राहिली, आणि खोटं कशाला बोलू, मीही तशीच राहिले. शिकवायची, जेवायची, झोपायची. चाळिशीला आलेल्या बाईनं उड्या मारायचं सोडलं याचं दुःख सांगणार कुणाला?

एके दिवशी जेवताना मामा म्हणाले, "तिला इचार, ती सायकल भंगारात द्यायची हाय का?"

"आत्या, सांगा, न्हाई द्यायची."

"मग तिला म्हणावं, नुसती उभी का ठेवलीया?"

आत्यांनी पहिल्यांदाच मधल्यामध्ये स्वतःची भर घातली. "आवं, बोटाला जोर न्हाई तिच्या. एका बोटानं दाबंल असला ब्रेक कुठनं आणायचा?"

दुसऱ्या दिवशी सायकल शेडमध्ये उलटी करून ठेवलेली, चाकं वर.

एका बोटाचा ब्रेक म्हणजे तेलाचा डिस्क ब्रेक. तो आणि गिअरच्या सायकलचा एक जुना डिस्कवाला हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, मी मागवून घेतला. पण हब माझ्या सायकलच्या मागच्या चिमट्यापेक्षा, म्हणजे चाक धरणाऱ्या फाट्यापेक्षा, चांगला दोन सेंटिमीटर रुंद. सायकलवाला म्हणाला होता, चिमटा फाकवा, बसंल. मामांनी आत्यांना सांगितलं, "लोखंडावर जबरदस्ती केली तर ते ध्येनात ठेवतं. हबच आखूड करावा लागंल." ते नवा भाग आधी बाभळीच्या लाकडात करायचे, चिमट्यात बसवून चार दिवस नुसतं बघायचे, मग धातूला हात लावायचे. गिअरची बाजू कापून तिथं चेनचं एकच चक्र फिरवून बसवायचं, त्यासाठी हबवर स्क्रूसारखे आटे पाडायचे, दुसऱ्या अंगाला डिस्क, आणि चिमट्याला ब्रेकसाठी एक पट्टी वेल्ड करायची, असा बेत. चहा द्यायला जायची तेव्हा मी रेंगाळायची. पिवळट लाकडाचा तो हब अजून आहे, हातात घेतला की आपोआप फिरवावासा वाटतो.

आणि मी ते पाहिलं. चक्र बसवताना मामा ते उलट दिशेनं फिरवत होते, आणि ते घट्ट होत होतं. उलटे आटे. मला वाटलं, असं कसं? पेडल मारलं की हे सुटणार. मग वाटलं, आयुष्यभर यंत्रं केलेल्या माणसाला मी सांगणार? आणि सांगणार कुणामार्फत? आत्या बाजाराला गेल्या होत्या. मी कप उचलला आणि आत गेले.

चाक बसलं, ब्रेक बसला. अंगणात धुण्याच्या दगडावर पहिली उडी जमली. तिसऱ्या उडीला पेडल मोकळं फिरलं आणि मी फरशीवर. दोन्ही गुडघे सोलले. आत्या धावत आल्या. मामा चाकापाशी उकिडवे बसले, चाक सोडवून बोटानं चक्र फिरवलं, ते सरळ त्यांच्या तळहातात आलं. हबवरचे आटे त्यांनी नखानं चाचपले. मोटरसायकलची चेन डावीकडे. सायकलची उजवीकडे, पण सायकल उलटी ठेवली की तीही डावीकडेच दिसते. जन्मभराच्या सवयीनं हातानं डाव्या बाजूचे आटे पाडले होते.

मग ते माझ्याकडे वळले. आत्यांकडे नाही.

"तू बघितलं व्हतंस?"

"व्हय, मामा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इचारलं न्हाई."

ते उठले. शेडच्या दारात जाऊन थांबले. "आत ये," म्हणाले. "कंची बाजू, ती तूच सांग."

मी लंगडत आत गेले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा स्टुलावर बसले.

दुसरा हब करायला महिना लागला. प्रत्येक टप्प्याला ते विचारायचे, "कंची बाजू? सायकल सरळ का उलटी?" घरात मात्र रीत तीच राहिली. शेडचा उंबरठा ओलांडला की पुन्हा "तिला म्हणावं". हे असं का, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा ओढ्यातल्या काळ्या धोंड्यांवर मी मागच्या चाकावर उभी राहिले. एक बोट ब्रेकवर. चाक जागचं हललं नाही. मला रडू फुटलं, ते मी घामात खपवलं. मामा करंजाच्या सावलीत उभे होते.

"आता हितनं फुडं काय करायचं असतंय?"

"काय न्हाई, मामा. फकस्त थांबायचं."

"थांबायला एवढं लागतंय व्हय," म्हणाले. ओढ्याला शेड नव्हती, तरी आम्ही थेट बोललो, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मला ते घरी परतताना एसटीत आठवलं.

परवा मागची डिस्क घासायला लागली. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी सवयीनं म्हणाले, "आत्या, मामांना सांगा, चकती घासतीय." म्हणून झाल्यावर जीभ चावली. आत्या कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला मधी कशाला घालतीस आता?" म्हणाल्या. "आत जा, आन् तूच सांग."

मी शेड उघडली. तेलाचा वास तसाच होता. खिळ्याला बाभळीचा हब लटकत होता, त्याच्याशेजारी तो उलट्या आट्यांचा. मी सायकल आत घेतली, स्टुलाकडे तोंड करून उभी राहिले.

"मामा, चकती घासतीय," मी म्हणाले. "डावी बाजू. सायकल सरळ हाय."